माकडहाडावरील शय्याव्रण : घरी ड्रेसिंग नेमके कसे करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय ७२ वर्षे आहे. चार महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आहे आणि बोलताना ती अडखळते, पण तिला सगळे समजते. मधुमेह गेल्या बारा वर्षांपासून आहे. रुग्णालयात सतरा दिवस राहून तिला घरी आणले, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढा जांभळट डाग होता. तो मी पाहिला होता, परंतु एकाच जागी झोपून रक्त साकळले असेल असे समजून त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आठवड्याभरात तिथे फोड आला, तो फुटला आणि आज त्या जागी अंड्याएवढी खोल जखम आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. ओळखीचे एक कंपाउंडर रोज सकाळी येऊन ड्रेसिंग करतात. ते जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, फेस निवला की पोविडोन आयोडीन लावतात, कोरडा गॉज आत दाबून भरतात आणि वर कापूस ठेवून चिकटपट्ट्या लावतात. दुसऱ्या दिवशी तो वाळलेला गॉज ओढून काढताना आई इतकी कळवळते की मला तिथे उभे राहवत नाही. जखमेच्या तळाशी पिवळा चिकट थर आहे, एका कडेला काळे कातडे आहे आणि चार दिवसांपासून वास वाढला आहे. ताप नाही.

शेजारच्या मंडळींचे म्हणणे असे की पट्टी बांधूच नये, जखमेला हवा लागू द्यावी, म्हणजे ती सुकेल. कुणी पावडर लावा म्हणते, कुणी पाठीला स्पिरिट चोळा म्हणते. पिवळा थर म्हणजे पू समजायचा का, ड्रेसिंग कशाने व दिवसातून किती वेळा करायचे, आणि ही जखम भरून येण्याची आशा धरावी का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. हे माझ्या दुर्लक्षामुळे झाले का, हा प्रश्नही मनातून जात नाही.

शुश्रूषा

ताई, मी सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया कक्षात ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. आपण विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तो जांभळा डाग दिसला तेव्हाच आतील मांस मेलेले असणार. हाडाच्या टोकाशी दाब सर्वांत जास्त असतो, त्यामुळे हाडालगतचे मांस आधी मरते आणि वरचे कातडे सर्वांत शेवटी फाटते. कातडीवर डाग उमटतो तोवर आतील नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. घरी आल्यावर जे उघडे पडले, त्याची सुरुवात घरी झालेली नव्हती. आपण डाग ओळखला नाही, कारण तो काय असू शकतो हे घरी पाठवताना आपल्याला कुणी सांगितले नव्हते. ते सांगणे आम्हा परिचारिकांचे काम आहे.

आता जखमेविषयी. ड्रेसिंगने शय्याव्रण भरत नाही. शरीर ते भरते. आपण फक्त त्याच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करतो, आणि त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे दाब. केशवाहिन्यांतून रक्त फार थोड्या दाबाने वाहते. निरोगी माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत हा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका असल्याचे १९३० साली मोजले गेले होते. गादीवर उताणे झोपलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली त्याहून पुष्कळ अधिक दाब पडतो. आपण निरोगी माणसे झोपेतही कूस बदलतो म्हणून वाचतो. आईंना ते जमत नाही. जगातील सर्वांत महागडे ड्रेसिंग लावले आणि आई त्याच जागेवर दिवसभर उताण्या राहिल्या, तर जखम खोलच होत जाईल. म्हणून ही जखम भरेपर्यंत त्यांना उताणे झोपवू नये, आणि झोपवावेच लागले तर अगदी थोडा वेळ.

दिवसा दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर वळवले तर खुब्याच्या हाडावर भार येतो आणि तिथे दुसरी जखम तयार होते, म्हणून पाठीमागे उशी लावून फक्त ३० अंशांइतके कलते ठेवावे. मग आपला तळहात माकडहाडाखाली सरकवून पाहावा. हात मोकळा फिरला पाहिजे. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवावी. पोटऱ्यांखाली लांबट उशी अशी ठेवावी की टाचा गादीपासून अधांतरी राहतील आणि गुडघे किंचित वाकलेले असतील. लुळ्या बाजूच्या कुशीवर ठेवण्याचा वेळ कमी धरावा, कारण त्या बाजूला दुखले तरी आईंना ते नीट जाणवणार नाही, आणि त्या बाजूचा खांदा दबणार नाही हे पाहावे. वेळापत्रक भिंतीवर चिकटवून, प्रत्येक वेळी कूस बदलणाऱ्याने तिथे वेळ लिहावी. घरात तीन माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने वळवले असेल, आणि त्यातच चार तास निघून जातात.

वर सरकवताना काखेत हात घालून कधीही ओढू नये. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतील हाड पुढे सरकते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन मुरगळतात. पाठीखाली एक आडवी घडी घातलेली चादर कायम ठेवावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून, उचलून सरकवावे. डोक्याकडची बाजू ३० अंशांहून अधिक वर ठेवली की अंग हळूहळू खाली घसरते व हाच ताण पुन्हा पडतो. पक्षाघाताच्या रुग्णाला भरवताना मात्र नीट बसते करावेच लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी आधी गुडघ्यांखाली उशी द्यावी, मग पाठ उचलावी, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे आणि मग पाठ खाली आणून लगेच कूस बदलावी.

ड्रेसिंगकडे वळते. हायड्रोजन पेरॉक्साइड आजपासून बंद करावे. त्याचा फेस जंतूंबरोबर नव्याने उगवणाऱ्या पेशीही मारतो, आणि खोल पोकळीत ते ओतल्यास त्यातून निघणारा वायू आत अडकण्याचा धोका असतो. स्पिरिटही जखमेत जाता कामा नये. ‘हवा लागली की जखम सुकते’ हे खरे आहे, पण सुकणे आणि भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांचा अभ्यास केला, तेव्हा ओलसर झाकून ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरलेली आढळली. नवी पेशी ओलाव्यातून पुढे सरकते. वर कोरडी खपली असेल तर तिला खपलीखालून वाट काढावी लागते. कोरडा गॉज ओढून काढताना आपल्या आईंना ज्या वेदना होतात, त्या वेळी गॉजबरोबर तेच कोवळे मांस उपटून येत असते.

घरी करण्याची पद्धत अशी. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी सांगितली असेल तर ती ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी द्यावी. हात साबणाने धुऊन हातमोजे घालावेत. जुना गॉज चिकटला असेल तर त्यावर सलाईन, म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी, ओतून पाच मिनिटे थांबावे. तो आपोआप सुटतो. मग हातमोजे बदलावेत. जखम धुण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारी नॉर्मल सलाईनची बाटली उत्तम. ती नसेल तर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे आणि ते पाणी त्याच दिवशी वापरून टाकावे. मोठ्या सिरिंजमध्ये हे पाणी भरून, सुई न लावता, जखमेच्या तळापासून कडांपर्यंत धार मारावी. घासू नये. वास घ्यायचा तो धुतल्यानंतर, कारण जुन्या पट्टीला थोडा वास येतोच; धुऊनही दुर्गंधी राहिली तर ती नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

भोवतालची कातडी मऊ कापडाने टिपून कोरडी करावी आणि तिच्यावर झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे, म्हणजे जखमेतील पाण्याने ती भिजून पांढरी पडणार नाही. चिकटपट्टी जिथे लागणार तिथे मात्र मलम नको. मग गॉज सलाईनमध्ये भिजवून पिळावा, इतका की ओलसर राहील पण थेंब गळणार नाही, आणि तो उलगडून पोकळीत सैलसर ठेवावा. दाबून भरला तर तो आतूनच दाब देतो. शक्य तो एकच लांब पट्टी वापरावी आणि तिचे टोक बाहेर दिसत ठेवावे, म्हणजे तुकडा आत विसरला जाणार नाही. त्यावर कोरडा गॉज, मग जाड पॅड, आणि चिकटपट्टी लावताना गुदद्वाराकडची बाजू सर्वांत आधी व नीट बंद करावी. असे ओले ड्रेसिंग दिवसातून किमान दोनदा बदलावे लागते. ते आत वाळू देऊ नये. शौचाने खराब झाले तर वेळ न पाहता तत्काळ बदलावे.

फोमचे किंवा हायड्रोकोलॉइडचे (जखमेवर चिकटून ओलावा धरून ठेवणाऱ्या पट्टीचे) तयार ड्रेसिंग महाग दिसते, पण ते तीन ते पाच दिवस टिकते, आणि दिवसाला दोनदा लागणारा गॉज, सलाईन, हातमोजे, चिकटपट्टी व येणाऱ्या माणसाचे पैसे यांचा आठवड्याचा हिशेब मांडला तर फरक वाटतो तितका राहत नाही. फार पाणी सुटत असेल तर ते शोषणारे अल्जिनेट, अगदी कोरडी असेल तर ओलावा देणारे हायड्रोजेल, असे जखमेच्या ओलाव्यावरून ठरते. परंतु वास येत असताना आणि काळे कातडे आत असताना हवाबंद हायड्रोकोलॉइड लावू नये.

पिवळा थर म्हणजे पू असतोच असे नाही. पू पातळ असतो व धुतला की वाहून जातो. चिकटून राहणारा पिवळा थर म्हणजे मेलेले मांस. ते आणि काळे कातडे निघेपर्यंत जखमेची खरी खोली कळत नाही. हे काम शल्यचिकित्सकाचे आहे, कंपाउंडरचे नाही. वास वाढला आहे, म्हणून या आठवड्यातच त्यांना दाखवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि आहार. सर्वसाधारणपणे अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या बाईला सुमारे ६२ ते ७५ ग्रॅम. मऊ भात आणि पातळ वरण यांवर ते जमत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात आणि पेलाभर दुधातही जवळपास तितकीच. घट्ट वरण, दही, पनीर, शेंगदाण्याचे कूट घातलेली पेज असे दिवसभरात सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. साखर नियंत्रणात नसेल तर बाकी सगळ्यावर पाणी पडेल.

शल्यकक्ष

मी जनरल सर्जन आहे. वरील प्रतिसादातील प्रत्येक सूचनेशी मी सहमत आहे, म्हणून ते न दोहरवता माझ्या कामापुरते लिहितो.

वर्णनावरून हे व्रण किमान तिसऱ्या टप्प्याचे आहे. पहिल्या टप्प्यात कातडी शाबूत असते, पण दाबून सोडल्यावर लाली जात नाही. दुसऱ्यात वरचा थर सोलवटतो. तिसऱ्यात चरबीपर्यंत आणि चौथ्यात स्नायू किंवा हाडापर्यंत जखम जाते. तळ मेलेल्या मांसाने झाकलेला असेल तर टप्पा ठरवता येत नाही, आणि तसे स्पष्ट लिहून ठेवणेच योग्य असते. येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पहिल्या टप्प्याची लाली गोऱ्या कातडीवर दिसते; आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट झालेला रंग, हाताला लागणारी ऊब किंवा गारवा आणि कडक अथवा पिठूळ झालेला स्पर्श यांवरून ओळखावे लागते. दिवसातून एकदा हात फिरवून पाहणे त्यासाठीच असते, चोळण्यासाठी नव्हे.

मृत मांस काढताना बऱ्याचदा फार दुखत नाही, कारण त्यात संवेदना नसते; कडेला भूल देऊन ते करता येते. पक्षाघातानंतर आईंना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील. त्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि डॉक्टरांना आठवणीने दाखवावी, पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नये. काढल्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. ती तेवढीच होती, फक्त झाकलेली होती. तपासताना तळाशी हाड लागले तर हाडात जंतुसंसर्ग आहे का हे पाहावे लागते आणि मग उपचार कित्येक आठवड्यांचे होतात.

जखमेच्या पृष्ठभागावरून कापसाने घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणारच; उघड्या जखमेवर ते असतातच. त्या अहवालावरून लगेच प्रतिजैविके सुरू करणे बरोबर नाही, आणि जखमेत प्रतिजैविकाची मलमे दिवसेंदिवस भरत राहणेही योग्य नाही. मात्र भोवतालची लाली पसरू लागली, जागा गरम व कडक झाली, ताप किंवा थंडी आली, साखर अचानक वाढली, किंवा आई एकाएकी गुंगीत जाऊ लागल्या, असंबद्ध बोलू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. वृद्धांमध्ये ताप नसतानाही रक्तात संसर्ग पसरलेला असू शकतो. वासासाठी मेट्रोनिडाझोलचे जेल उपयोगी पडते, पण तेही डॉक्टरांनी पाहिल्यावर.

टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली असेल आणि भोवती लाली किंवा पाणी नसेल, तर ती काढू नये. माकडहाडाचा नियम टाचेला लावल्याने बिघडलेल्या टाचा मी पाहिल्या आहेत, आणि मधुमेहात तर त्याचे परिणाम गंभीर होतात.

चाकाची खुर्ची

१९ वर्षांपूर्वी झाडावरून पडून माझा मणका मोडला. तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. या काळात मला दोनदा शय्याव्रण झाले आणि दुसरे भरायला नऊ महिने लागले, म्हणून गादीविषयी अनुभवाने लिहितो.

हवेची गादी अवश्य घ्यावी, पण ती घेतली म्हणजे वळवण्यातून सुटका झाली असे समजू नये. तिच्यातील नळ्या आळीपाळीने फुगतात व बसतात, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. दाब नाहीसा होत नाही. ती नेहमीच्या कापसाच्या किंवा फोमच्या गादीवर अंथरावी. वजनाप्रमाणे पंपाचा काटा लावल्यानंतर, आई झोपलेल्या असताना हवेच्या गादीखाली, बरोबर कमरेच्या जागी, तळहात उताणा सरकवून पाहावा. हाताला हाड टेकत असेल तर हवा कमी आहे. हात आणि अंग यांच्यामध्ये किमान इंचभर फुगलेली गादी असायला हवी. वर एकच पातळ सुती चादर घालावी. माझ्या घरी पहिल्या महिन्यात गादी खराब होऊ नये म्हणून तिच्यावर मेणकापड, त्यावर दुपट्याची चौघडी आणि त्यावर चादर असे थर घातले होते. हवेच्या गादीचा उपयोग त्याखाली जवळजवळ संपला होता आणि घामाने कातडी भिजत होती ते वेगळेच.

गावी वीज जाते. पंप बंद पडला की काही गाद्यांतील हवा थोड्या वेळात उतरते. आपली गादी किती वेळ तग धरते ते दिवसाढवळ्या एकदा पंप बंद करून पाहावे आणि रात्री भारनियमन असेल तेव्हा त्या हिशेबाने उठून वळवावे. रबराची हवा भरलेली कडी, म्हणजे ज्यांच्या मधल्या छिद्रावर जखम ठेवतात ती, कुणी दिली तरी घेऊ नयेत. कड्याच्या काठावर भार पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. माझी पहिली जखम त्याच कड्यावर वाढली.

दर आठवड्याला त्याच वारी, त्याच कुशीवर ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर जखमेचे छायाचित्र घ्यावे. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. माझी बायको दोन महिने निराश होती; छायाचित्रे ओळीने लावून पाहिली तेव्हा जखम निम्मी झाल्याचे आम्हाला कळले.

माजघर

आमच्या आजींना सहा वर्षे अंथरुणावर सांभाळले. रोज सकाळ-संध्याकाळ पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावत असू आणि लहान जखमांवर हळद व घरचा मध भरत असू. त्यांना मोठी जखम कधीच झाली नाही. या जुन्या उपायांना इतके सहज नाकारू नये असे वाटते.

शुश्रूषा

आपल्या आजींना सहा वर्षे मोठी जखम झाली नाही, याचे श्रेय मी आपल्या कुटुंबाला मनापासून देते. पण त्याचे कारण मला वेगळे दिसते. स्पिरिट लावण्यासाठी आपण त्यांना दिवसातून दोनदा नक्की वळवत होता, पाठ उघडी करून पाहत होता, ओली चादर बदलत होता. रक्षण त्याने झाले. आम्हालाही प्रशिक्षणात पाठ चोळण्यास शिकवले होते आणि मी स्वतः कित्येक वर्षे ते केले. नंतर समजले की हाडाच्या टोकावर लाल झालेली जागा चोळल्याने आतील दुबळ्या रक्तवाहिन्या फाटतात, स्पिरिटाने कातडी कोरडी पडून भेगाळते आणि पावडरीचे घामाने गोळे होऊन ते घासतात. आता पाठ कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडी करावी आणि साधे मऊपणा देणारे मलम हलक्या हाताने लावावे, एवढेच सांगते.

मधाचे म्हणाल तर जखमांसाठी निर्जंतुक केलेल्या मधाचे ड्रेसिंग मिळते आणि त्याचा उपयोगही होतो. स्वयंपाकघरातील मधात मात्र काही घातक जंतूंची बीजे असू शकतात, जी उघड्या, खोल जखमेत जाऊ नयेत. हळदीची पूड निर्जंतुक नसते, तळाशी बसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली जखमेचा खरा रंग दिसेनासा होतो. लाल दाणेदार मांस भरते आहे की पिवळा थर वाढतो आहे, हे रंगावरूनच तर पाहायचे असते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला, क्षमस्व. गेले सात आठवडे हातात वेळच नव्हता.

तिसऱ्या दिवशी आईला शहरातील शल्यचिकित्सकांकडे नेले. त्यांनी काळे कातडे व पिवळा थर काढला. त्यानंतर मोजले तेव्हा लांबी ६.५, रुंदी ५ आणि खोली २.५ सेंटिमीटर भरली, आणि वरच्या कडेखाली दीड सेंटिमीटरचा खिसा निघाला. आधी येथे वाचले नसते तर ती जखम पाहून मी कोसळले असते. हाडाला लागण नव्हती. साखर मात्र ३१० होती. इन्सुलिन सुरू केले.

कंपाउंडरकाकांना मी ही चर्चा वाचून दाखवली. त्यांनी राग न मानता पेरॉक्साइडची बाटली परत नेली, आणि आता ओल्या गॉजचे सकाळचे ड्रेसिंग ते करतात व संध्याकाळचे मी करते. काढताना आई ओरडत नाही. पहिल्या दिवशी ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, दुखायची वाट पाहत, आणि गॉज निघाला तरी दुखले नाही तेव्हा डाव्या हाताने तिने माझा हात धरला. रात्रीचे वळवणे भाऊ आणि वहिनी पाहतात. वेळ लिहायचा कागद कपाटाच्या दारावर लावला आहे. पहिल्याच आठवड्यात त्यावर सहा जागा रिकाम्या निघाल्या, आणि आम्ही तिघेही आपण वेळ चुकवत नाही असे समजत होतो.

काल मोजले : लांबी ४.२, रुंदी ३, खोली १.२. खिसा जवळजवळ भरला आहे. तळ लाल आणि दाणेदार दिसतो, वास नाही. आता फिजिओथेरपिस्ट म्हणतात की आईला खुर्चीत बसवायला हवे, नाहीतर उरलेली ताकदही जाईल. जखमेवर भार येईल म्हणून मला भीती वाटते. बसवावे का, आणि किती वेळ?

शुश्रूषा

ताई, आकडे वाचून फार समाधान वाटले. कंपाउंडरकाकांनाही माझा नमस्कार सांगा.

बसवावे. फुप्फुसे, स्नायू आणि मन या तिन्हींना त्याची गरज आहे. माकडहाडावर व्रण असताना दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा आणि प्रत्येक वेळी एक तासाच्या आत, अशी मर्यादा पाळावी. सुरुवात वीस मिनिटांपासून करावी. त्या वेळा जेवणाच्या ठेवल्या की भरवणेही खुर्चीतच होईल आणि पलंगाची पाठ उचलावी लागणार नाही. खुर्चीला हात असावेत आणि जाड फोमची बैठक असावी. पाय जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकले पाहिजेत, कारण पाय लोंबकळले की अंग पुढे घसरते आणि नेमका माकडहाडावर भार येतो. लुळा हात मांडीवरील उशीवर ठेवावा. दर पंधरा मिनिटांनी त्यांना आधी डावीकडे, मग पुढे, असे धरून झुकवावे.

पलंगावर परत घेतल्यावर लगेच ड्रेसिंगभोवतीची कातडी पाहावी. रंग बदललेला दिसला आणि अर्ध्या तासातही तो पूर्ववत झाला नाही, तर पुढच्या वेळी बसण्याचा काळ निम्मा करावा. जखम पूर्ण बुजल्यावरही त्या जागेला मूळ कातडीच्या ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक ताकद येत नाही, तेव्हा कपाटावरचा कागद त्यानंतरही काढू नये. पुढच्या मोजमापाचे आकडे येथे जरूर लिहा.